खेळता खेळता कोडिंग: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शनिवारच्या वर्गाला मुलांना सोडायला येणारे आईवडील, काही शिक्षक आणि एकदोन हौशी आजोबा जे प्रश्न दारात विचारतात किंवा रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळं ओळीने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गेम खेळून मूल खरंच कोडिंग शिकतं का? की गेम खेळू देण्यासाठी हे एक निमित्त आहे?

नुसतं खेळून शिकत नाही. गाडी पळवायचा गेम वर्षभर खेळलेलं मूल गाडी पळवण्यात पटाईत होतं, बाकी काही नाही. काही गेम कोड्यासारखे असतात. २००८ साली आलेल्या लाइटबॉटमध्ये रोबोला ‘पुढे जा, वळ, उडी मार, दिवा लाव’ असे हुकूम आधी लावून ठेवायचे आणि मग गंमत बघायची. सुरुवातीला हे चांगलं, कारण क्रम, पुनरावृत्ती या गोष्टी बोटांना कळतात. पण प्रत्येक कोड्याचं उत्तर दुसऱ्याने ठरवलेलं असतं आणि कोडी संपली की गेम संपतो.

खरी गोष्ट सुरू होते ती मूल गेम बनवायला किंवा निदान मोडतोड करून बदलायला लागतं तेव्हा. हे काही नवीन खूळ नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा केली. पुढे तिच्यातलं कासव मुलांच्या हुकमावर चालून चित्रं काढू लागलं. आजची बहुतेक साधनं त्या कासवाचीच नातवंडं आहेत. त्यामुळे कुठलाही गेम किंवा खेळणं पाहिलं की आमचा एकच प्रश्न असतो: यात मुलाला स्वतःच्या मनातलं काही करता येतं का?

२. कितव्या वर्षी सुरुवात करावी?

घाई नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला पडदा न लागणारे खेळ पुरतात (प्रश्न ४). पाच ते सात वयासाठी स्क्रॅचज्युनियर हे २०१४ साली आलेलं मोफत ॲप आहे. त्यात अक्षरंच नाहीत, चित्रांचे ठोकळे डावीकडून उजवीकडे जोडायचे. आठच्या पुढे स्क्रॅच, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून गेम आणि गोष्टी बनवायचं साधन. दहा-अकराला हातात इलेक्ट्रॉनिक्सचा बोर्ड (प्रश्न १२) आणि तारा द्यायला हरकत नाही. बाराव्या वर्षी सुरुवात करणारं मूल मागे पडलं असं अजिबात नाही, उलट ते दोन महिन्यांत आठव्या वर्षी सुरू केलेल्या मुलाला गाठतं.

३. घरी कॉम्प्युटर नाही. फक्त माझा मोबाइल आहे, तोही संध्याकाळी. जमेल का?

जमेल, पण साधन बदला. स्क्रॅचमध्ये मोबाइलवर दुसऱ्यांचे प्रकल्प बघता येतात, स्वतःचा प्रकल्प बनवता येत नाही, त्याला टॅबलेट किंवा कॉम्प्युटर लागतो. इथेच बरेच पालक अडकतात आणि ‘आमच्याकडे चालत नाही’ म्हणून सोडून देतात.

मोबाइलसाठी दोन चांगले पर्याय आहेत. ऑक्टोस्टुडिओ हे स्क्रॅच बनवणाऱ्या, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्याच गटाने २०२३ मध्ये आणलेलं मोफत ॲप. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही, आणि फोन हलवणं, तिरका करणं, फोटो काढणं हे सगळं कोडमध्ये वापरता येतं. दुसरं पॉकेट कोड, ऑस्ट्रियातल्या ग्राट्स तंत्रविद्यापीठात सुरू झालेलं, तेही मोफत.

फोन संध्याकाळीच मिळत असेल तर दिवसा कागदावर गेम आखून ठेवायला सांगा: कोण कोण आहे, काय झालं की गुण मिळतो, केव्हा खेळ संपतो. हे नाइलाज म्हणून सांगत नाही, कॉम्प्युटर असलेल्या मुलांनाही आम्ही हेच करायला लावतो.

४. आम्हाला स्क्रीन नकोच आहे. नुसत्या खेळण्यांवर जमेल का?

काही काळ नक्की जमेल, आणि पहिलं खेळणं तुमच्या पायाखाली आहे. घरातल्या फरशा म्हणजे आयता चौकटींचा पट. आजोबा रोबो. नातवाने चिठ्ठीवर बाण काढून द्यायचे: दोन पुढे, उजवीकडे वळा, एक पुढे. आजोबांनी लिहिलंय तेवढंच करायचं, भिंत आली तरी थांबायचं नाही (निदान तसं दाखवायचं). पाच मिनिटांत मुलाला कळतं की ‘उजवीकडे जा’ आणि ‘उजवीकडे वळ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग एक हुकूम चोरून बदला आणि चूक शोधायला सांगा. ठिपक्यांची रांगोळीही अशीच सांगून काढून घेता येते: एकाने फक्त बोलायचं, दुसऱ्याने न विचारता रेघ ओढायची.

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून आलेल्या ‘सीएस अनप्लग्ड’ उपक्रमात असे अनेक पडदाविरहित खेळ मोफत मिळतात. ठिपक्यांच्या पत्त्यांनी द्विमान संख्या (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या) शिकवणारा खेळ तर तिसरीतल्या मुलांनाही झेपतो.

विकतच्या खेळण्यांत बी-बॉट हा मधमाशीसारखा रोबो शाळांसाठी उत्तम. पाठीवरची बटणं दाबून हुकूम साठवायचे, एका हुकमाला तो १५ सेंटिमीटर सरकतो किंवा काटकोनात वळतो. घरात एकट्या मुलासाठी मात्र तो महाग पडतो आणि लवकर संपतो. शाळेने किंवा सोसायटीने मिळून घेतला तर पैसे वसूल.

५. रंगीत ठोकळे जोडणं म्हणजे खरं कोडिंग का? शेजारच्यांचा मुलगा टाइप करतो.

खरंच आहे. ठोकळ्यांत लूप (तेच पुन्हा पुन्हा करणं) असतो, अट असते, व्हेरिएबल (गुणांसारखा बदलता आकडा ठेवायची जागा) असतो, टाइप केलेल्या भाषेतही तेच असतं. ठोकळ्यांनी फक्त टायपिंगच्या चुका आणि हरवलेले कंस बाजूला काढले आहेत, कारण न बसणारा ठोकळा मुळात बसतच नाही. शेजारचा मुलगा फळ्यावरचं बघून टाइप करत असेल तर तो शुद्धलेखन करतोय. टाइप करण्याकडे केव्हा वळायचं ते प्रश्न २० मध्ये.

६. मुलगी तासभर स्क्रॅचवर असते, पण नुसते मांजरीचे रंग आणि कपडे बदलते. टोकू का?

नका. स्क्रॅच २००७ मध्ये लोकांसाठी खुलं झालं तेव्हापासून अनेक मुलांची सुरुवात अशीच होते. पात्र ‘माझं’ झालं की त्याने काहीतरी करावं असं वाटायला लागतं. दोनतीन वेळा असंच झालं तर सहज विचारा, ‘हिला बोलता येतं का?’ किंवा ‘ही फ्रॉक आपोआप बदलेल का?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना पोशाख बदलणं आणि थांबणं हे ठोकळे लूपमध्ये टाकावे लागतात, आणि ॲनिमेशन तयार होतं.

७. पहिला गेम कोणता बनवायला द्यावा? यूट्यूबवर बघून केला की विसरतो.

आम्ही ‘आंबे झेला’ देतो. वरून आंबा पडतो, खाली टोपली बाणांच्या कळांनी सरकते, झेलला की गुण. दिसायला सोपा, पण यात जवळजवळ सगळं येतं.

स्क्रॅचचा मंच ४८० बाय ३६० आकाराचा आहे आणि शून्य मधोमध. म्हणजे आडवी जागा −२४० ते २४०, उभी −१८० ते १८०. आंबा वर न्यायचा तर उभं स्थान १८०, आडवं स्थान यादृच्छिक, म्हणजे दर वेळी कुठलंही. पडायला लावायचं तर प्रत्येक वेळी उभ्या स्थानात −५ मिळवायचे. पूर्णांक संख्यांचा धडा पाठ्यपुस्तकात सहावीला येतो, इथे चौथीतलं मूल ‘उणे म्हणजे खाली’ असं म्हणून पुढे निघून जातं.

आता चुका. त्या ठरलेल्या आहेत, आणि गेमची खरी शिकवण त्यातच आहे. पहिली: दुसऱ्यांदा हिरवा झेंडा (गेम सुरू करायचं बटण) दाबला की मागचे गुण तसेच. मुलाला वाटतं कॉम्प्युटर बिघडला, पण व्हेरिएबल स्वतःहून शून्य होत नाही, सुरुवातीला शून्य करावं लागतं. दुसरी: एक आंबा झेलला आणि गुण सात वाढले. लूप सेकंदाला अनेकदा फिरतो, आणि आंबा टोपलीला चिकटून असेपर्यंत दर फेरीला ‘स्पर्श झाला’ हे खरंच असतं. गुण दिल्याबरोबर आंबा वर पाठवला की प्रश्न मिटतो. तिसरी जरा फसवी: ‘उभं स्थान −२०० पेक्षा कमी झालं तर आंबा गेला’ अशी अट लावली तर छोटा आंबा खाली अडकून बसतो आणि अट कधीच खरी होत नाही. स्क्रॅच कुठल्याही पात्राला मंचाबाहेर पूर्ण जाऊ देत नाही, थोडा भाग आत ठेवतोच. −१६० ची अट लावा.

यूट्यूबवर बघून केलेला गेम विसरला जातो कारण तिथे शिकवणारा या चुका होऊच देत नाही. व्हिडिओ बघायचाच असेल तर अर्धा बघून बंद करा आणि पुढचं स्वतः करायला सांगा. किंवा पूर्ण केल्यावर तीन बदल मागा: आंब्याचा वेग हळूहळू वाढू दे, मध्येच दगड येऊ दे, दगड झेलला तर गुण कमी.

८. चाललं नाही की चिडतो, आदळआपट करतो. मग मीच बसून करून देते.

करून देणं थांबवा, बसणं थांबवू नका. माउसला हात लावायचा नाही, हा आमच्या वर्गातला मोठ्यांसाठीचा नियम आहे. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: काय व्हायला हवं होतं? काय झालं? कुठपर्यंत बरोबर चाललं? तिसऱ्याचं उत्तर देताना मूल कोड वरून खाली वाचतं आणि निम्म्या वेळा चूक त्यालाच सापडते. नाही सापडली तर ठोकळ्यांची साखळी मधून तोडून वरचा तुकडा एकटा चालवून बघा.

तरीही राग येत असेल तर बंद करून उद्या बसा. दमलेल्या मुलाला बग, म्हणजे कोडमधली चूक, सापडत नाही. मोठ्यांनाही सापडत नाही.

९. मला स्वतःला यातलं काही येत नाही. मी काय मदत करणार?

न येणं कधीकधी सोयीचंच पडतं. येत असलेले पालक, विशेषतः सॉफ्टवेअरमधले, दहा मिनिटांत कीबोर्ड ओढून घेतात. तुम्ही ‘हे कसं केलंस, मला दाखव’ एवढं म्हणा आणि खरंच ऐका. स्वतः शिकायची इच्छा असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात अनेक मोफत साधनांचे धडे मराठी आवाजातही आहेत.

घरात दोन भावंडं आणि एक कॉम्प्युटर असेल तर एकाने चालवायचं, दुसऱ्याने फक्त बोलून रस्ता सांगायचा, आणि वेळ लावून जागा बदलायच्या. मोठा माउस सोडत नाही ही तक्रार घड्याळावर सोपवा.

१०. मुलगा मराठी माध्यमात आहे. आधी इंग्रजी पक्कं करून घेऊ का?

अजिबात थांबू नका. स्क्रॅचज्युनियरला अक्षरच लागत नाही. स्क्रॅचच्या वरच्या पट्टीत भाषा बदलायची सोय आहे, ते ७०हून अधिक भाषांत आहे. आणि इंग्रजीत ठेवलं तरी रोज लागणारे शब्द पंचवीसतीसच्या वर नाहीत, मुलं ते चित्रासारखे ओळखतात. पात्रांची आणि व्हेरिएबलची नावं मात्र मराठीतच द्या: ‘गुण’, ‘वेग’, ‘उरलेले जीव’. कोड वाचताना फार फरक पडतो.

एक खाचखळगा पुढच्यांसाठी: पायथॉन या टाइप करून लिहायच्या भाषेतही ‘गुण’ हे नाव चालतं, पण अंक देवनागरीत टाइप केला तर कोड अडतो. कोडमधले आकडे इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात. मराठी कीबोर्ड चालू राहिल्यामुळे होणारी ही चूक शोधता शोधता अख्खी संध्याकाळ जाते, कारण पडद्यावर सगळं बरोबर दिसतं.

११. दुकानात ‘कोडिंग रोबो’, ‘स्टेम किट’ असं बरंच काही दिसतं. घेताना काय पाहावं?

पहिली कसोटी प्रश्न १ मधलीच. रिमोटने पळणाऱ्या गाडीवर ‘कोडिंग’ छापलं म्हणून ती कोडिंगची होत नाही. हुकूम साठवून ठेवता येतात का, क्रम बदलता येतो का, सेन्सर असेल तर ‘अडथळा आला तर वळ’ असं मुलाला स्वतः ठरवता येतं का, ते पाहा. खोक्यावर ‘पाच रोबो बनवा’ असेल तर सहावा बनतो का, ते दुकानदाराला विचारा.

दुसरी कसोटी सुरक्षिततेची. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. बटणासारख्या छोट्या सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. असा सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजते, लगेच दवाखाना गाठावा लागतो. सुटे लोहचुंबक असलेली किट घरात धाकटं भावंड असेल तर नकोच.

तिसरी, ॲपची. ज्या खेळण्याला चालायला कंपनीचं ॲप लागतं त्याचं आयुष्य ॲपएवढंच. ॲप तुमच्या फोनवर उतरतं का ते दुकानात उभं राहूनच बघा.

परदेशी खेळणी इथे इतकी महाग का, हेही विचारलं जातं. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. आमचं मत विचाराल तर पहिले सहा महिने काहीच विकत घेऊ नका.

१२. मायक्रोबिट घ्यावा की आर्डुइनो?

बहुतेकांसाठी आधी मायक्रोबिट. २०१६ साली बीबीसीने ब्रिटनमधल्या सुमारे १० लाख शाळकरी मुलांना तो मोफत वाटला. तळहातात मावणारा बोर्ड, त्यावर २५ छोटे दिवे, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि होकायंत्र बसवलेलंच. २०२०च्या आवृत्तीत स्पीकर आणि मायक्रोफोनही आला. म्हणजे एक तार न जोडता पावलं मोजणारं यंत्र किंवा हलवला की आकडा दाखवणारा सापशिडीचा फासा तयार होतो. विशेष म्हणजे बोर्ड नसला तरी मेककोड या कोड लिहायच्या वेबसाइटवर पडद्यावरचा मायक्रोबिट मोफत चालवता येतो. तिथे महिनाभर रमला तर विकत घ्या.

आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया इथे डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी जन्माला आला. त्याला दिवे, रोध (रेझिस्टर), ब्रेडबोर्ड (तारा खोचायची पाटी), तारा सगळं बाहेरून जोडावं लागतं. बारा-तेरा वर्षांच्या, हाताने जोडाजोड करायची आवड असलेल्या मुलाला तोच जास्त भावतो, आणि त्याचे सुटे भाग इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतात. दोन्ही ३ ते ५ व्होल्टवर चालतात. घरातल्या २३० व्होल्टला जोडायचे रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) प्रयोग यूट्यूबवर दिसतील, ते मुलांनी एकट्याने करायचे नाहीत, यावर चर्चा नाही.

१३. नातेवाईक लेगोचा जुना माइंडस्टॉर्म्स संच देतायत. घ्यावा का?

फुकट मिळत असेल तर डोळे झाकून. विकत असेल तर विचार करून. ही मालिका १९९८ मध्ये सुरू झाली आणि २०२२ च्या अखेरीस लेगोने ती बंद केली. मोटारी आणि सेन्सर दणकट असतात, अडचण सॉफ्टवेअरची येते. पैसे देण्याआधी मुख्य वीट (संचाचा मेंदू असलेला ठोकळा) सुरू होते का, बॅटरी फुगली नाही ना आणि तुमच्या कॉम्प्युटरशी जोडली जाते का, हे समोर करून बघा. अगदी पहिला पिवळा संच असेल तर तो शोकेससाठी. ईव्ही३ ही नंतरची आवृत्ती असेल तर अजून चांगला उपयोग होतो, त्यावर पायथॉनही चालवता येतं.

१४. मुलगा तासन्‌तास माइनक्राफ्ट खेळतो आणि म्हणतो ‘मी शिकतोय’. खरं का?

तो काय करतो ते दहा मिनिटं शेजारी बसून बघा. घरं बांधत असेल तर ते छान आहे, पण कोडिंग नाही. रेडस्टोनशी (गेममधल्या विजेच्या तारांसारख्या वस्तूशी) खेळत असेल तर त्याचं म्हणणं बरोबर आहे. रेडस्टोनची मशाल ज्या ठोकळ्यावर बसवली आहे त्यात प्रवाह आला की मशाल विझते, हाच कॉम्प्युटरमधल्या ‘नाही’ या तर्कद्वाराचा (लॉजिक गेटचा) नियम. अशा मशाली जोडून ‘आणि’, ‘किंवा’ बनतात. संकेत १५ ठोकळ्यांपलीकडे जात नाही, मग मध्ये संकेत पुढे ढकलणारा रिपीटर लावावा लागतो. गुप्त दार उघडणारी दोन कळांची यंत्रणा स्वतः, न बघता बनवून दाखव, असं सांगा. जमलं तर तुम्हीच पाठ थोपटाल.

शाळांसाठीच्या माइनक्राफ्ट एज्युकेशनमध्ये एक छोटा रोबो ठोकळ्यांच्या कोडने किंवा पायथॉनने चालवता येतो. हाताने भिंत बांधून कंटाळलेल्या मुलाला लूप का लागतो ते तिथे समजावून सांगावं लागत नाही.

वेळेबद्दल: जागतिक आरोग्य संघटना २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगते, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना ५ ते १० वर्षांसाठी दोन तासांच्या आत. कोडिंग चाललंय म्हणून डोळ्यांना आणि झोपेला सूट मिळत नाही.

१५. आणि रोब्लॉक्स? तिथे मुलं गेम बनवतात म्हणे.

बनवतात. रोब्लॉक्स स्टुडिओ मोफत आहे, त्यात लुआ भाषेवरून आलेल्या लुआऊमध्ये खरा कोड लिहावा लागतो. पण स्टुडिओला विंडोज किंवा मॅक कॉम्प्युटर लागतो. मोबाइलवर मूल रोब्लॉक्स ‘शिकत’ असेल तर ते खेळतंय. आमची सूचना: बारा वर्षांखाली नको. त्यापुढे स्टुडिओ चालेल, पण पालक खातं जोडून, अनोळखी लोकांशी गप्पा बंद करून आणि तुमचं कार्ड न जोडता. तिथलं आभासी चलन खऱ्या पैशाने मिळतं.

१६. मुलाने दुसऱ्याचा गेम जसाच्या तसा घेऊन स्वतःच्या नावावर टाकला. हे चोरी नाही का?

स्क्रॅचवर दुसऱ्याचा प्रकल्प उघडून त्यावर पुढे काम करायला परवानगी आहे, तिथे टाकलेलं सगळं श्रेय देण्याच्या अटीवर खुलं असतं. ‘रीमिक्स’ केलं की मूळ करणाऱ्याचं नाव आपोआप लागतं. तुमच्या मुलाने ते बटण न वापरता नक्कल उतरवली असेल तर बसून तेवढं दुरुस्त करा. काहीच न बदलता टाकलं असेल तर ‘यात तुझं काय?’ असं विचारा, रागावून नाही. प्रश्न ७ मधले तीन बदल इथेही चालतात.

१७. यामुळे गणित सुधारेल का? जाहिरातीत तर तसंच म्हणतात.

आपोआप सुधारत नाही. लोगोचं कौतुक भरात असतानाच, १९८४ मध्ये, रॉय पी आणि मिडियन कर्लंड या अमेरिकी संशोधकांना दिसलं की लोगो शिकलेली मुलं इतर कामांचं नियोजन अधिक चांगलं करतात असं काही नाही. इंग्लंडमध्ये ‘स्क्रॅचमॅथ्स’ या प्रयोगाचं मूल्यमापन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. मुलांच्या संगणकीय विचाराला पहिल्या वर्षी फायदा दिसला, गरीब घरच्या मुलांना जास्त. पण प्राथमिकच्या शेवटच्या गणित परीक्षेत फरक पडला नाही.

त्याचा अर्थ उपयोग नाही असा नाही. कोन, सहनिर्देशक, ऋण संख्या कोडमध्ये वापरल्यावर वर्गात त्या अनोळखी राहत नाहीत. पण पंचकोन काढताना ७२ अंश का वळलो, हे कुणीतरी विचारायला हवं. शिष्यवृत्तीचे गुण वाढवायचे असतील तर शिष्यवृत्तीची गणितं सोडवा.

१८. ऑनलाइन क्लास लावू का? वर्षाची फी भरली तर सवलत आहे.

वर्षाची फी भरू नका. महिन्याची घेतात का ते विचारा, नाही म्हणाले तर उत्तर मिळालं. सात वर्षांच्या मुलाने ॲप बनवून कोट्यवधी कमावले, अशा छापाच्या जाहिरातींवरून २०२० मध्ये मोठा गदारोळ झाला आणि भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर एका कंपनीने पाच जाहिराती मागे घेतल्या.

चांगला वर्ग ओळखायची खूण सोपी आहे. दोन आठवड्यांनी सगळ्या मुलांचे प्रकल्प बघा. सगळे एकसारखे असतील तर शिक्षक सांगतोय आणि मुलं ठोकळे ओढतायत. प्रमाणपत्राला आत्ता कसलीच किंमत नाही.

१९. शाळेत हे शिकवत नाहीत का?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा समावेश आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून १० हजारांहून अधिक शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या केल्या, सहावी ते बारावीसाठी, २० लाखांपर्यंत अनुदान देऊन. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. गोव्यात ‘केअर्स’ योजनेतून सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आहे.

तुमच्या शाळेत लॅब आहे का, एवढंच विचारून थांबू नका. तिचं कुलूप किती वेळा उघडतं ते विचारा. आम्हाला खोक्यात तसाच बंद थ्रीडी प्रिंटर असलेली लॅब बघायला मिळाली आहे.

२०. मुलगी दहा वर्षांची आहे, स्क्रॅचचा कंटाळा आला म्हणते. पायथॉन सुरू करू?

आधी कंटाळा कसला ते बघा. एकसारखे गेम करून कंटाळली असेल तर स्क्रॅचमध्येच ‘क्लोन’ (पात्राच्या नकला), ‘यादी’ आणि स्वतःचे ठोकळे बनवायला लावा. बहुतेक मुलं इथवर पोचलेलीच नसतात. हे सगळं येत असेल आणि हातात टायपिंग असेल तर खुशाल पायथॉन. त्यात टर्टल नावाचा भाग सोबतच येतो, प्रश्न १ मधलं तेच कासव. चार ओळींत चौरस निघतो, म्हणून पहिल्या दिवशी निराशा होत नाही. मेककोडमध्ये ठोकळे आणि पायथॉन एकाच प्रकल्पात आलटूनपालटून बघता येतात, तोही चांगला पूल आहे.

२१. आता एआयला सांगितलं की तो कोड लिहून देतो. मग हे शिकवायचं कशाला?

आंबा टोपलीला चिकटून गुण सात का वाढले, हे ज्याला कळतं त्याला एआयने दिलेला कोड तपासता येतो. ज्याला कळत नाही तो ‘चालत नाही, नीट कर’ असं पुन्हा पुन्हा टाइप करत बसतो. शिकण्याच्या पहिल्या एकदोन वर्षांत आम्ही एआयला बाहेर ठेवतो. नंतर मुलांनी लिहिलेला कोड समजावून सांगायला त्याचा वापर बरा होतो.

२२. आमच्या मुलाला दिसत नाही. हे सगळं तर डोळ्यांवरच चालतं.

स्क्रॅच त्याच्यासाठी खरंच गैरसोयीचं आहे, ठोकळे माउसने ओढावे लागतात. पण वेगळी वाट आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दृष्टिहीन मुलांना बरोबर घेऊन घडवलेलं ‘कोड जंपर’ हे खेळणं २०१९ पासून मिळतं: हाताला लागणाऱ्या छोट्या डब्या तारेने एकमेकींना जोडायच्या, प्रत्येकीवरची बटणं फिरवायची आणि सूर किंवा गोष्ट ऐकायची. ते महाग आहे, म्हणून शाळेमार्फत मागवा. घरी फरशांचा खेळ (प्रश्न ४) आवाजावर उत्तम चालतो, मुलानेच हुकूम द्यायचे. मायक्रोबिटवर आवाजाचे प्रयोग करता येतात. दहाअकरा वर्षांनंतर पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून थेट टाइप केलेला पायथॉन त्याला ठोकळ्यांपेक्षा सोपा जातो. इथे आमचा नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो.

२३. सहा महिने केलं, पण मुलाला रसच नाही. जबरदस्ती करू का?

नको. फक्त सोडण्याआधी एकदा विषय बदलून बघा. गेममध्ये न रमणारी मुलं संगीतात, गोष्ट हलती करण्यात किंवा खिडकीतल्या रोपाला पाणी हवं का सांगणाऱ्या यंत्रात रमतात. तरीही नाही म्हणाला तर तबला, क्रिकेट, जे आवडतं ते करू दे, दोन वर्षांनी स्वतःहून परत येणारीही असतात. किट माळ्यावर टाकणार असाल तर आधी त्यातले सेल काढा, नाहीतर ते गळून बोर्ड खातात. आणि माळ्यापेक्षा जवळच्या शाळेच्या लॅबला दिलं तर ते वापरात राहील.